दुधी, नायटी की भुईआवळी? फरशीच्या फटीतल्या चिकाळ झाडाबद्दल या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलाला कावीळ झाली. डॉक्टरांचं औषध चालूच होतं, पण गावाहून सासूबाईंचा फोन आला, ‘भुईआवळी वाटून दे.’ काकूंनी वॉचमनला सांगितलं. त्याने पार्किंगमागच्या पेव्हर ब्लॉकच्या फटींतून मूठभर हिरवं उपटून आणून दिलं. मी विरजण मागायला गेले, तेव्हा ती जुडी ओट्यावर होती आणि मोडलेल्या दांड्यांच्या टोकांना पांढरे थेंब जमले होते.

भुईआवळीला चीक नसतो. ओट्यावर होती ती मोठी नायटी. शास्त्रीय नाव युफोर्बिया हिर्टा, एरंडाच्या कुळातली, वर्षभराच्या आत जन्मून बी टाकून मरणारी रानटी वनस्पती. मुंबईत ती इतकी जागोजागी आहे की कुणाला दिसतच नाही. दिसते ती दोनच वेळांना, औषध हवं असतं तेव्हा नाहीतर साफसफाई काढायची असते तेव्हा. आणि दोन्ही वेळा आपण चुकतो. कारण प्रत्येक वेळी एकच खूण पाहून निकाल देतो. कुणी नावावर जातं, कुणी चिकावर, कुणी मोबाइलमधल्या फोटोवर. गेली बारा-तेरा वर्षं गच्चीवर बाग करताना यातल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत, म्हणून जरा अधिकाराने लिहिते.

‘दुधी’ म्हटलं की कोणती?

पहिला घोळ नावाचा. भाजीवालीकडे दुधी म्हटलं की ती भोपळा पुढे करते. माळ्याला दुधी म्हटलं की तो दांडा मोडल्यावर दूध येणारं कुठलंही तण दाखवतो. झाडपाला विकणाऱ्याची दुधी आणखी तिसरीच असू शकते. मोठी नायटी, लहान नायटी, गोवर्धन, दुधी, हिंदीत दुद्धी, संस्कृतात दुग्धिका अशी नावं या एकाच टोळीतल्या चार-पाच वनस्पतींवर फिरत असतात. नायटी म्हणतात त्यामागे नायटा आहे, कारण गावाकडे नायट्यावर तिचा चीक लावायचे.

संस्कृत नाव आहे म्हणून झाड अस्सल इथलंच, हाही एक गैरसमज. मोठी नायटी मूळची उष्ण अमेरिकेतली. तिथून ती जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरली आणि स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली तिला शास्त्रीय नाव दिलं. नाव जुनं आणि झाड नवं असं आपल्याकडे खूपदा झालंय. जुन्या ग्रंथातली दुग्धिका म्हणजे तुमच्या गॅलरीतलीच नायटी, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

नावावरून औषध किंवा भाजी आणायचीच असेल, तर आणणाऱ्याला एकच सांगा, झाड मुळासकट आण. तोडलेली पानं, वाळवलेला चुरा किंवा पूड यांवरून नायटी ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही.

चीक आला म्हणून नायटी, नाही आला म्हणून नव्हे?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबते.

पांढरा चीक ही चांगली खूण आहे, पण ती एकटी पुरत नाही. पाथरीला चीक असतो आणि पाथरीची भाजी आपल्याकडे खातात. उतरणीला असतो, रुईला तर धो-धो असतो. तेव्हा चीक दिसला की आपण नायटीच्या दारापर्यंत आलो एवढंच. उलट मे महिन्यात उन्हाने कडक झालेल्या जुन्या दांड्याला कधी कधी थेंबही येत नाही, आणि मग लोक म्हणतात ही ती नव्हेच. म्हणून दांडा बुडाशी न मोडता शेंड्याकडचं कोवळं पान खुडून बघावं. सकाळी बघितलं तर उत्तम.

चिकानंतर पानं बघा. मोठ्या नायटीची पानं समोरासमोर जोडीने येतात. एका पेराला दोन. पान साधारण बोटाच्या एका पेराएवढं, कडा बारीक दातेरी, आणि देठाजवळ पानाच्या दोन बाजू जुळत नाहीत. शिंप्याने एका बाजूचं कापड जास्त कापल्यासारख्या. बऱ्याच पानांवर मधोमध जांभळट डाग असतो, पण डाग नसला तरी बिघडत नाही. दांडा तांबूस आणि त्यावर पिवळसर राठ केस. चष्मा लावून उन्हाकडे धरलं की केस लगेच दिसतात. आणि पेरापेराशी, पानांच्या बगलेत, हिरवट-तांबूस बारक्या कळ्यांचे गच्च गोळे. मला ते नेहमी मुंगीच्या मापाचे राजगिऱ्याचे लाडू वाटतात.

त्या लाडवातला एकेक दाणा म्हणजे आपल्याला वाटतं तसं फूल नसतं. तो एक बारका पेला असतो. पेल्यात एक मादीफूल, भोवती एकेका पुंकेसराची नरफुलं, आणि मादीफूल वाढलं की देठावरून पेल्याबाहेर लोंबतं. त्याचंच पुढे तीन कप्प्यांचं इवलंसं बोंड होतं, कप्प्याला एक बी. ही पेल्याची मांडणी युफोर्बियाच्या सगळ्या घराण्यात सारखी आहे. नाताळात कुंड्यांतून येणारा लाल पॉइन्सेटिया, कुंपणाचा शेर, त्रिधारी निवडुंग, गॅलरीतलं ते काटेवालं झाड ज्याला नर्सरीवाले नुसतं ‘युफोर्बिया’ म्हणतात, सगळे एकाच पेल्याचे. सुमारे दोन हजार जातींच्या या घराण्यात फुटपाथवरचं तण आणि पाचशे रुपयांची कुंडी शेजारी शेजारी बसतात. मला ही गोष्ट फार आवडते. सोसायटीच्या बाग समितीला अजिबात आवडत नाही.

आता भुईआवळी. तिची बारीक फांदी बघितली की चिंचेचं किंवा आवळ्याचं पान आठवतं, कारण एका फांदीवर ओळीने बारकी पानं दोन बाजूंना असतात. ती समोरासमोर नसतात, एकाआड एक असतात. फांदी उलटी करा. पानांच्या खाली ओळीने मोहरीएवढे हिरवे मणी लटकलेले दिसतील. नायटीचे गोळे पेरांच्या बगलेत असतात, असे खाली ओळीने लटकत नाहीत. दोघी एकाच फटीत शेजारी उगवतात, म्हणून वॉचमनला दोष देण्यात अर्थ नाही. मूठ भरून उपटलं की दोन्ही येणारच.

दुसरी अदलाबदल जास्त काळजीची आहे, ती घोळीच्या भाजीबरोबर. पावसाळ्यात रेल्वे स्टेशनबाहेर पालघर-वसईकडच्या बाया टाकळा, कुर्डू, कंटोळी घेऊन बसतात, त्यांच्याकडे घोळही असते. ती बाई चुकत नाही, तिने लहानपणापासून खुडली आहे. चुकतो तो, जो दुसऱ्या दिवशी ‘आपल्या कंपाउंडमध्ये पण हीच आहे की’ म्हणून स्वतःच खुडायला जातो. जमिनीला चिकटलेली लाल दांड्याची लहान नायटी आणि कोवळी घोळ लांबून सारखी दिसतात. घोळीचं पान दाबून बघा, मांसल, गुळगुळीत, रसाळ. मोडली की पाणी येतं, दूध नाही. लहान नायटीचं पान पातळ असतं आणि मोडताक्षणी पांढरं येतं. घोळीच्या जुडीत एक जरी दांडा पांढरा थेंब देत असेल, तर सगळी जुडी पुन्हा निवडा. निवडताना आळस आला तर त्या दिवशी पिठलं करा.

राहता राहिला मोबाइल. फोटो दाखवून नाव विचारण्याची सोय चांगली आहे, पण उभं राहून वरून काढलेल्या फोटोत नायटी, भुईआवळी, घोळ सगळंच हिरवं ठिपक्यांचं कापड दिसतं. पेराचा, पानाच्या बुडाचा आणि पानाखालचा असे तीन फोटो जवळून काढा. तरीही ‘खायला चालेल का’ हा प्रश्न फोनला विचारू नका.

उभी आहे म्हणून वेगळी, लोळते म्हणून वेगळी

आमच्या लॉनवर दोन तणं आहेत असं माळी सांगायचा, एक लोळणारं आणि एक कुंपणाकडे उभं राहणारं. दोघांची पानं, केस, गोळे तंतोतंत एक. मोठी नायटी माणसांच्या पायाखाली, गवत कापायच्या यंत्राखाली वाढली की आडवी पसरते. कुंपणाकडे उंच गवतात सापडली की उजेडासाठी फूट-दीड फूट वर जाते. उंचीवरून जात ठरवू नये.

खरोखर लोळणाऱ्या वेगळ्या आहेत. लहान नायटी, म्हणजे युफोर्बिया थायमिफोलिया, नेहमीच जमिनीवर थाळीसारखी पसरते आणि तिचं पान तांदळाच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठं. तिच्यासारख्याच आणखी दोन-तीन बारक्या जाती मुंबईच्या फटीत आहेत. त्यांना एकमेकींपासून वेगळं काढायला भिंग, बोंडावरचे केस आणि पुष्कळ चिकाटी लागते. घरगुती कामासाठी ‘लहान नायट्या’ म्हणून सोडून द्या.

उभ्यांमध्ये युफोर्बिया हेटरोफायला लक्षात ठेवा. कमरेपर्यंत जाते, पानांचा आकार एकाच झाडावर चार तऱ्हांचा, शेंड्याकडच्या पानांचा बुडखा फिकट हिरवा. रेल्वेरुळांलगतच्या पालक-मुळ्याच्या वाफ्यांच्या कडेला, रिकाम्या प्लॉटवर भेटते. तिची बहीण सायथोफोरा, शेंड्याच्या पानांवर लाल रंग ओतल्यासारखा. ‘रानटी पॉइन्सेटिया’ म्हणून हौसेने एक रोप गच्चीवर लावलं की पुढल्या वर्षी सगळ्या कुंड्यांत ती आणि मध्ये कुठेतरी तुमचा मोगरा. हे मी अनुभवाने सांगते.

झाड बघितलं, जागा बघितलीच नाही

नायटी कुठे उगवते हे एकदा डोळ्यांत बसलं की निम्म्या चुका आपोआप गळतात, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही.

लोकल ट्रेनने जाताना बघा. प्लॅटफॉर्मच्या टोकाला जिथे शेड संपते, तिथे फरशीच्या सांध्यांत. रुळांच्या खडीत, पण खडी जिथे मातीने भरली आहे तिथेच. रस्त्याकडच्या झाडांभोवतीच्या सिमेंटच्या चौकटीत, खोदकाम करून घाईने बुजवलेल्या फुटपाथवर, पुनर्विकासाला निघालेल्या बिल्डिंगच्या पत्र्याच्या कुंपणाकडेला, मैदानाच्या त्या पट्ट्यात जिथे पायांनी गवत झिजलंय. शिवाजी पार्कच्या कट्ट्याबाजूला, ओव्हलच्या कडेला अशा जागा आहेत. थोडक्यात, जमीन जिथे उकरली किंवा तुडवली गेली आहे, ऊन थेट पडतं आणि मोठं गवत अजून आलेलं नाही.

ती कुठे नाही तेही तितकंच सांगण्यासारखं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गर्द सावलीत आत शिरलात की नायटी नाहीशी होते. पार्किंगजवळ आणि रुंद पायवाटेच्या कडेला परत येते. खाजणात, भरतीचं खारं पाणी जिथे आत-बाहेर करतं, तिथे ती नाही. पाणी साचून राहणाऱ्या खड्ड्यात नाही. कुणी ‘जंगलातून आणलेली खास दुधी’ म्हणून विकायला आलं, तर ती जंगलातली नसेल किंवा नायटी नसेल.

तिला फट का आवडते? फटीत मुळाला खाली वाळू मिळते, कारण पेव्हर ब्लॉक वाळूवरच बसवलेले असतात, आणि त्या वाळूत ओल बराच काळ टिकते. वर ब्लॉक तापतो, त्यात दुसरी झाडं होरपळतात. नायटी होरपळत नाही, कारण तिची अन्न बनवायची रीत ऊस, मका, ज्वारी, हरळी यांच्यासारखी आहे. कडक ऊन आणि थोडं पाणी यांत तिचं काम उलट चांगलं चालतं. रुंद पानांच्या वनस्पतींत ही रीत क्वचित सापडते. म्हणून दुपारी एक वाजता तुमची तुळस माना टाकते आणि शेजारची नायटी ताठ असते. तुळशीला पाणी घाला, नायटीचा राग करू नका.

जागा वाचण्याचा एक उपयोग वेगळाच आहे. ज्या जागेची माती गटाराच्या कडेची, डांबराच्या ढिगाजवळची, कुत्र्यांच्या फिरण्याच्या वाटेवरची, कीटकनाशकाच्या फवाऱ्याखालची आहे, तिथलं काहीही तोंडात घालायचं नसतं. ते भुईआवळी असो, घोळ असो. झाड अगदी बरोबर ओळखलं तरी जागा चुकीची असू शकते. काकूंच्या ओट्यावरची जुडी शंभर टक्के भुईआवळी असती, तरी ती आदल्याच दिवशी डासांसाठी फवारलेल्या कोपऱ्यातली होती. हे त्यांना सांगितलं तेव्हा कुठे त्यांनी ती टाकली. चिकाचं मी आधी सांगितलं होतं, तर ‘एवढंसं दूध, त्याने काय होतंय’ म्हणाल्या होत्या.

‘वर्षायू’ म्हणजे वर्षातून एकदा नव्हे

वर्षायू शब्दाने फसगत होते. पावसाळ्यात आली, दिवाळीनंतर वाळली, संपलं, असं वाटतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईत दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, त्या काळात तिची भरभराट असते हे खरं. पण वर्षायूचा अर्थ एवढाच, की एक झाड एका वर्षाच्या आत आयुष्य पुरं करतं. ओल मिळाली तर नायटी काही आठवड्यांत बी धरते आणि एका वर्षात एकामागून एक पिढ्या होतात.

आणि मुंबईत ओल कुठे संपते? एसीच्या नळीतून टपकणारं पाणी, गळकी टाकी, गाड्या धुवायची जागा, रोज पाणी घातलेल्या कुंड्या. आमच्या बिल्डिंगमागे एसीच्या थेंबांखाली एक हिरवी ओळ आहे, मे महिन्यातही ताजी. बाकी कंपाउंड करपलेलं असताना. त्या ओळीतून जूनमध्ये सगळ्या आवारात बी जातं. तण काढायचं असेल तर पावसाळ्याची वाट न बघता मेमध्ये ही ओळ गाठा. अर्ध्या तासाचं काम आहे.

उपटताना काय चुकतं

कोरड्या मातीत उपटणं. सोटमूळ बारीक असलं तरी घट्ट असतं. वरचा भाग हातात येतो आणि गळ्याशी तुटलेलं मूळ नव्याने फुटतं. पावसाच्या सरीनंतर, नाहीतर पाणी घालून दहा मिनिटांनी, झाड अगदी जमिनीलगत धरून सावकाश ओढा. फटीतून जुना पेचकस छान चालतो, खुरपं त्यात शिरत नाही.

उशीर करणं. गोळे तपकिरी झाले म्हणजे बोंडं तडकून बी पडायला लागलं. त्यानंतर उपटणं म्हणजे बी झटकून देणं. गोळे हिरवे असताना काढा, आणि उपटलेलं तिथेच कडेला ढीग करून ठेवू नका. बोंडं उपटल्यावरही पिकतात. घरच्या कंपोस्टच्या डब्यात टाकू नका, कारण आपला डबा बी मरण्याइतका तापत नाही. पुढल्या वर्षी तेच खत कुंडीत घालताना आपण हाताने पेरणी करतो. गोळे धरलेली झाडं ओल्या कचऱ्यात जाऊ द्या.

नवीन माती न बघता आणणं. लाल मातीच्या गोणीतून आणि नर्सरीच्या कुंडीतून नायटी फुकट येते. बी अर्ध्या-एक मिलिमीटरचं, डोळ्यांना सहज दिसत नाही. पण एवढ्याशा बियाजवळ शिदोरीही तेवढीच, खोल मातीतून वर यायचं बळ तिच्यात नसतं. कुंडीत दोन बोटं जाडीचा वाळल्या पानांचा किंवा नारळाच्या काथ्याचा थर दिला की बऱ्यापैकी आटोक्यात राहते. दर आठवड्याला माती खालीवर करत बसाल तर खालचं बी वर आणाल.

मीठ, ॲसिड, फिनाइल ओतणं. मिठाने नायटी मरते, पण ते मीठ पावसाबरोबर शेजारच्या झाडांच्या मुळांत जातं. ॲसिडने ब्लॉक पांढरे पडतात. फटींत थोडीच असतील तर उकळतं पाणी काळजीपूर्वक ओता, आणि नंतर फट वाळूने नीट भरून घ्या. रिकामी फट म्हणजे नायटीला आमंत्रण. तणनाशकाबद्दल एवढंच, की ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांमार्फतच व्हावा अशी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली. हातपंपात भरून स्वतः आवारभर फिरायची गोष्ट ती नव्हे. तेही वीस-पंचवीस रोपांसाठी!

चीक डोळ्यात गेला तर

ही चूक माझी, आणि ती लिहिताना अजूनही डोळा चुरचुरतो. मोजे न घालता तासभर उपटत होते, घाम आला, मनगटाने डोळा पुसला. पहिली दोन मिनिटं काही नाही. मग आग. मी काय केलं असेल? डोळा चोळला, चार थेंब गुलाबपाणी घातलं आणि झोपले. रात्री डोळा लाल, पाणी थांबेना, उजेड सहन होईना. सकाळी डॉक्टरांकडे गेले तेव्हा झाडाचं सांगायचंच विसरले. त्यांनी साथीचे डोळे आले असावेत असं धरून थेंब दिले. संध्याकाळी परत जाऊन चिकाचं सांगितलं तेव्हा तपासणीची दिशा बदलली.

करायचं ते असं. लगेच नळाच्या स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा, पापणी उघडी धरून. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. चोळू नका, दूध, मध, तूप, गुलाबपाणी काही घालू नका. मग नेत्रतज्ज्ञांकडे जा, दुखणं कमी झालं तरी जा, कारण त्रास काही तासांनी वाढू शकतो. झाडाची एक फांदी पिशवीत बांधून न्या. नायटीचा चीक त्या घराण्यात सौम्यच. शेर आणि निवडुंगाचा चीक बुबुळाच्या पुढच्या पडद्याला जखम करून काही दिवस नजर घालवू शकतो. बाल्कनीतला शेर छाटताना चष्मा लावाच. हाताला लागला तर साबण-पाणी पुरे, पण तो हात धुण्याआधी कशालाच लावू नका.

औषध म्हणून

दम्यावर, आवेवर, बाळंतिणीला दूध यावं म्हणून, नायट्यावर, चामखिळीवर नायटीचा वापर अनेक देशांत होत आला आहे. दूध येतं म्हणून दूध वाढवील, या तर्काला मी विरोध करत नाही, फक्त त्यावर तान्ह्या बाळाला अवलंबून ठेवू नका एवढंच म्हणते. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की पपईच्या पानांच्या रसासोबत नायटीच्या काढ्याचेही निरोप फिरतात. फिलिपिन्समध्ये याच झाडाला तावा-तावा म्हणतात आणि डेंग्यूत त्याचा काढा देण्याची तिथे रीत आहे. रीत असणं वेगळं आणि प्लेटलेट उतरत असताना घरी काढा उकळत बसणं वेगळं. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच धोक्याचे असतात. नेमका तेव्हाच ‘काढ्याने गुण आला’ म्हणून माणूस डॉक्टरकडे जायचा थांबतो.

चामखिळीवर चीक लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. युरोपात युफोर्बिया पेप्लस नावाची एक वर्षायू रानटी बहीण आहे. तिच्या चिकातल्या इंजिनॉल मेब्युटेट या घटकापासून उन्हाने खराब झालेल्या कातडीवरच्या खरबरीत चट्ट्यांसाठी मलम तयार झालं, त्याला २०१२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. २०२० मध्ये युरोपात ते मागे घेतलं गेलं, कारण वापरलेल्या जागी कातडीचा कर्करोग वाढतो की काय अशी शंका आली. मोजून-मापून, तपासून केलेल्या मलमाची ही कथा. फटीतून उपटलेल्या दांड्यात तो घटक किती, हे कोण मोजणार?

परदेशी बागेचा सल्ला मुंबईच्या लादीला

इंटरनेटवर या घराण्याच्या वर्षायू तणाची माहिती शोधली की हमखास हीच पेप्लस समोर येते. ती बिनकेसाळ, दांड्यावरची पानं एकाआड एक, शेंड्याला तीन फाट्यांची छत्री आणि पेल्याच्या कडेला चंद्रकोरीसारख्या ग्रंथी. थंड हवेच्या बागांत, भाजीच्या वाफ्यांत, ओलसर मातीत वाढते. तिथले लोक थंडी संपताना ती काढायला सांगतात. ते वाचून आमच्या एका शेजाऱ्यांनी फेब्रुवारीत लॉन खरवडलं आणि मोकळ्या झालेल्या उन्हातल्या मातीत मोठ्या नायटीला मैदान मोकळं करून दिलं. पेप्लसची चंद्रकोर शोधत बसाल तर मुंबईच्या फुटपाथवर ती सापडायची नाही.

घाटावर गेलं की गोष्ट पुन्हा बदलते. खंडाळ्याच्या नावाची एक युफोर्बिया आहे, खंडालेन्सिस, सह्याद्रीतलीच. ब्लॅटर आणि हॉलबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचं वर्णन केलं. जमिनीखाली कंद राखून असणारी ती वर्षायू नव्हे, तण तर मुळीच नव्हे. भजी खायला थांबलेल्या मुंबईकराने ‘अरे, हे तर आपल्या पार्किंगमधलं’ म्हणून चीक येतो का बघायला तिची फांदी मोडू नये. शंका आलीच तर फोटो घ्यावा आणि परत आल्यावर मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधल्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने जपणाऱ्या, ठिकाणी दाखवावा. फटीतल्या नायटीसाठी मात्र नमुना खुशाल न्या, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून, मुळासकट. चीक कागदाला चिकटतो, म्हणून पहिले दोन दिवस कागद बदला.

काकूंच्या मुलाची कावीळ डॉक्टरांच्या औषधाने आणि विश्रांतीने उतरली. सासूबाईंसाठी काकूंनी नंतर एका कुंडीत भुईआवळी लावली. मागच्या आठवड्यात त्यांनी मला बघायला बोलावलं. कुंडीत सहा रोपं होती. चार भुईआवळीची, दोन नायटीची.